नववी ‘ब’चं मीठ

विज्ञान स्वतःच्या हातांनी शिकायचं असतं, असं विनिता मॅडम सांगत होत्या. नववी ‘ब’ हाताची घडी घालून ऐकत होती.

प्रयोग सोपा होता. प्रत्येक गटाने खाडीचं पाणी आणायचं, बशीत ओतून खिडकीत ठेवायचं आणि पाणी उडून गेल्यावर काय उरतं ते स्वतः शोधायचं. काय उरतं ते मॅडमनी आधीच फळ्यावर लिहून दिलं. ‘निष्कर्ष : पांढरे मीठ उरते.’ शोधायला आठ दिवस होते. नवव्या दिवशी ‘कृतीतून शिक्षण’ बघायला शिक्षण खात्याचे साहेब येणार होते.

निकेशच्या गटाची बाटली सगळ्यांत आधी आली. अंकिताची सगळ्यांत शेवटी. ती रोडपालीच्या घरून चालत आजाच्या मिठाच्या आगरात गेली होती. म्हणजे आगर होतं तिथे. आता तिथे कंटेनर उभे असतात. कुंपणालगत एक डबकं उरलंय; त्यात भरतीचं पाणी शिरतं, गटाराचंही.

तिचा आजा, काशिराम, चाळीस वर्षं तिथे मीठ पिकवायचा. आगर गेल्यापासून तो दर जेवणात म्हणायचा, “मीठ घाला जरा.” मीठ घातलेलं असायचं. सुनेने डॉक्टरांना विचारलं. डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलं.

आता अंकिता शाळेतून आली की तो ओट्यावरूनच विचारी, “पिकलं का गं बाय?”

“अजून नाय, आजा.”

“बशी हलवू नको. वारा लागू दे. आनि मास्तरनीला सांग, मिठाला घाई चालत नाय.”

सातव्या दिवशी पाणी आटलं. बशीत चिखलाचा पातळ थर होता आणि कडेला चिकटलेले चार करडे खडे.

“मॅडम, मीठ नाही आलं. मळकट काहीतरी आलंय.”

“निष्कर्षात मळकट आहे का?”

“नाही.”

“मग? धीर धर.”

घरी तिने ‘अजून नाय’ एवढंच सांगितलं.

नवव्या दिवशी सकाळी तिची बशी लख्ख होती आणि तिच्यात चमचाभर पांढरंशुभ्र मीठ होतं. साहेबांनी अंकितासोबत फोटो काढला. फोटो झाल्यावर तिने मीठ जर्नलच्या पानात बांधलं आणि घरापर्यंत पळत आली.

काशिरामने पुडी तळहातावर उलगडली. उजेडाकडे धरून बघितली. मग चिमूटभर मीठ जिभेवर ठेवलं.

“लई पांढरं हाय,” तो म्हणाला. “आमचं मळकट असायचं.”

अंकिताचा चेहरा उतरला. “म्हंजे आपलं नाय, आजा?”

त्याने तिच्याकडे पाहिलं. परत एक चिमूट जिभेवर ठेवली.

“आपलंच गं बाय. खाडी सुधारली असंल.”

पुडीतलं मीठ त्याने भातावर घेतलं. त्या दिवशी जेवताना त्याने मीठ मागितलं नाही. सुनेला बरं वाटलं.

निकेशच्या गटाने खाडीपर्यंत जायचा कंटाळा केला होता. त्यांनी बाटली शाळेच्या कूलरवरच भरली होती. त्यांच्या बशीतही चमचाभर मीठ निघालं.