चौथी फिल्म

अकोल्याच्या जुन्या शहरात एक्स-रे काढणारा रय्यान पार वैतागला होता. म्हाताऱ्या मैनाबाईच्या मोडलेल्या मनगटाची तिसरी फिल्मही वाया गेली. तिच्या हाडांभोवती दुसऱ्याच कुणाच्या बोटांची हाडं आवळलेली दिसत होती.

"पेशंटचा हात धरू नका म्हटलं, तरी काहून धरता?" तो तिच्या सुनेवर खेकसला.

"मी तं बाहेरच होती, भाऊ."

त्यानं चौथी काढली आणि खिडकीशी जाऊन दोन्ही हातांनी उजेडात धरली. आवळणाऱ्या हाताची करंगळी वाकडी जुळलेली होती. लहानपणी मोडलेली त्याची स्वतःची करंगळी अश्शीच जुळली होती.

"मावशी, पडल्या कशा?" मागं न वळता त्यानं विचारलं.

"पडली कुठं, बापा? तूच तं मुरगळून राहिला. सोड ना आता."