गोळ्या चालू आहेत

शूटिंग चालू होतं, म्हणून मावशी दारातच थांबली. तीन जिने चढून धाप लागली होती. ती तिने तोंडावर हात ठेवून आवरली. तो आवाज रेकॉर्ड होतो, असं जावयाने मागे एकदा बजावलं होतं. जावई म्हणजे भाचीचा नवरा. कॅमेरा तोच धरायचा.

भाची ओट्यापाशी उभी होती. घरात ती बबडी. फोनवर तिला लाखभर लोक ‘ताई’ म्हणायचे आणि काय खावं, काय खाऊ नये, ते तिला विचारून ठरवायचे. तिच्या हातात हिरव्या पावडरीचा ग्लास होता.

“खोटं कशाला सांगू? माझ्या जवळच्याच एका बाईंची शुगर याने अशी आटोक्यात आली, की गोळ्याच सुटल्या!” तिने मोठा घोट घेतला आणि गोड हसली.

“झालं,” जावई म्हणाला.

बबडीने वळून तो घोट बेसिनमध्ये थुंकून टाकला. चूळ भरली. परत भरली. “शी! शेवाळ खाल्ल्यासारखं लागतं.” मग तिला दारातली मावशी दिसली. “अगं, तू कधी आलीस?”

“आत्ताच.” मावशीने हातातली कुंडी खाली ठेवली. ती एका रोपवाटिकेत कामाला होती. व्हिडिओत मागे काहीतरी हिरवं दिसायला हवं, म्हणून बबडीनेच रोप मागवलं होतं. “कोण गं ती, गोळ्या सुटलेली?”

“कुठली बाई नि कुठलं काय! कंपनी लिहून देते, आपण म्हणायचं.”

“हिने स्वतः एक डबा तरी संपवलाय का, विचारा,” जावई वायर गुंडाळत म्हणाला.

मावशी हसली. हसणं भाग होतं.

बबडीचे आधीचे व्हिडिओ बघून घेतलेल्या याच पावडरीचा तिच्या घरी चौथा डबा चालू होता. मागितले असते तर बबडीने हवे तेवढे दिले असते, पण मावशीने प्रत्येक डबा दुकानातून विकत आणला. पोरीचं नाव होतंय, तर आपल्या माणसांनी नको का हातभार लावायला? गोळ्यांनी तसंही पोटात ढवळायचं. त्या तिने कपाटावर टाकून दिल्या होत्या. डॉक्टर काय, परका माणूस. बबडीला तिने अंगाखांद्यावर खेळवलं होतं.

“मावशी,” बबडीचा आवाज एकदम बारीक झाला. “तू नाहीस ना घेत हे?”

ग्लास तिच्या हातात कलला होता. चेहऱ्यावरचा रंग उडाला होता. मेकअपखालूनही ते मावशीला दिसलं.

“मी? या वयात शेवाळ पिऊ? माझ्या गोळ्या चालू आहेत बाई.”

“शपथ?”

“शपथा कसल्या घालतेस! रोप कुठे ठेवू ते सांग.”

बबडीने सुस्कारा टाकला आणि ती मावशीच्या गळ्यात पडली. “केवढी घाबरले मी!” मग तिचं लक्ष खाली गेलं. “लंगडतेस का गं?”

“कुंडीचं खापर लागलं अंगठ्याला. वाळतंय.”

ते वाळत नव्हतं. वास येऊ नये म्हणून मावशीने पायात मोज्यांवर मोजे चढवले होते.

घरी आल्या आल्या तिने स्टुलावर चढून गोळ्या काढल्या आणि राहिलेलं सगळं एकदम भरून काढायचं असल्यासारख्या दोन-दोन घेतल्या. पण अंगठ्याचा काळेपणा वर सरकतच राहिला. शेवटी रोपवाटिकेतल्या बायकांनीच तिला उचलून दवाखान्यात नेलं.

“औषधं बंद करायला कोणी सांगितलं होतं?” डॉक्टर चिडून म्हणाले.

“कोणी नाही. माझाच शहाणपणा.” बबडी खाली औषधं आणायला गेली आहे, हे बघून मावशी हळूच म्हणाली, “पोरीला सांगू नका हं. जिवाला लावून घेईल.”

घोट्याच्या वर पाय कापावा लागला.

बबडी खाटेच्या कडेवर डोकं टेकून हमसून हमसून रडली. “गोळ्या चालू असून असं कसं झालं गं?”

“होतं एकेकाचं,” मावशी तिचे केस सारखे करत राहिली. पोर थकून तिथेच झोपली, तरी तिचा हात थांबला नाही.

चार दिवसांनी शेजारच्या खाटेवरच्या बाई उठून बसल्या. शुगर वाढली म्हणून त्यांना ठेवून घेतलं होतं. हातात फोन होता, त्यावर हिरवा ग्लास आणि गोड हसू. फोनकडे आणि मावशीकडे आलटून पालटून बघत त्यांनी विचारलं, “तुमच्याकडे येते ती हीच ना हो?”

“हीच.”

“बघा, मला वाटलंच! सूनबाई म्हणते, हिचं सगळं खरं असतं. या गोळ्यांचा तर जीव नकोसा झालाय. मागवू का मी एक डबा?”

मावशीने दाराकडे पाहिलं. बबडी गरम पाणी आणायला गेली होती. बाहेर तिच्या चपलांचा आवाज अजून तरी येत नव्हता.

“नका मागवू.”

“अहो, असं काय? तुमचीच पोर सांगतेय ना?”

“माझीच आहे,” मावशी म्हणाली, आणि तिने पायांवरची चादर बाजूला केली.