नाटकातली तलवार

जुन्या हत्यारांच्या पारख्याने फोन ठेवला न ठेवला, तोच दारात एक तरुण येऊन उभा राहिला. काखेत लांबट गुंडाळी. नाकडोळे थेट त्या म्हाताऱ्याचे. पारखी दचकून उभा राहिला.

चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय! गेल्या वर्षी तो म्हातारा एक यातागान घेऊन आला होता. यातागान म्हणजे तुर्की सैनिकांची आखूड, पुढे झुकलेली तलवार, मुठीला दोन कान. ती कुठली, कधीची, एवढंच त्याला विचारायचं होतं. पारख्याने पाहताक्षणी ताडलं, अस्सल आहे, दोनशे वर्षांची तरी. पण तोंडाने म्हणाला, "नाटकातली आहे, आजोबा. ठेवून जा, भंगारात घालतो." म्हातारा हसला आणि ठेवून गेला.

आता ती संग्रहालयात होती, पारख्यानेच विकलेली, अस्सल असल्याच्या त्याच्या सहीच्या दाखल्यासकट. संध्याकाळी दालन उघडायचं होतं. मघाचा फोन तिथलाच. मूठ जरा हलतेय, साफ करायला काढू का, असं विचारत होते. खुशाल काढा, असं त्याने सांगून टाकलं.

"बाबा महिन्यापूर्वी गेले," तरुण म्हणाला. "ही दुसरी. तुम्हालाच दाखव म्हणाले होते."

गुंडाळी सुटली. तोच बाक, तेच चांदीचे कान, पात्यावर तोच शिक्का. जोडीची होती मेली! हिला खरी म्हणावं तर पहिलीचं बिंग फुटणार. त्यात पोरगा दार अडवून उभा, हातात नागवं पातं. चाळीस वर्षांचं नाव आज मातीत जाणार, बहुधा आपणही, या भीतीने पारख्याने भिंग उचललंच नाही.

"नाटकातली," तो कसाबसा म्हणाला. "हीसुद्धा."

तरुणाने तलवार टेबलावर ठेवली आणि त्याचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"बाबा सांगायचेच, नजर असावी तर तुमच्यासारखी. ट्रकच्या कमानीचं पोलाद, घरामागच्या शेडमध्ये दोन वर्षं ठोकत बसले होते. ज्यांना दाखवली ते सगळे फसले, तुम्ही मात्र एका नजरेत ओळखलंत. फार खूश होते. ही तुम्हाला ठेवा, त्यांची आठवण."

पारखी खुर्चीचा हात धरून खाली बसला.

"कुणाला फसवायचं नव्हतं हो त्यांना," तरुण घाईने म्हणाला. "म्हणून तर दोन्हींवर स्वतःचं नाव आणि साल कोरून ठेवलंय. मूठ काढली की आत दिसतं."