कोरी जागा

लांबलचक कागदावरच्या काळ्या रेघा मधेच तुटल्या होत्या. चार बोटं जागा कोरी, पलीकडे पुन्हा रेघा. वामनरावांनी तिथेच बोट ठेवलं. जमिनीत सुरुंग उडवायचे आणि खालून परतणारे हादरे यंत्राने टिपायचे, हे त्यांचं शास्त्र. जिथे हादरेच टिपले नाहीत, तिथलं ते काय सांगणार? कोळशाच्या खाणीची हद्द अलीकडेच थांबवू, म्हणाले.

ती कोरी जागा म्हणजे मोहटोला, जंगलातला छोटा पाडा. टोल्याच्या कडेला गोंडांनी आपल्या मेलेल्या माणसांचे दगड उभे केले होते. टोल्यातल्या म्हाताऱ्या जंगूने हात जोडले, तेव्हा वामनरावांच्या हाताखालच्या भूवैज्ञानिक हरिदासनेच सगळ्यांशी भांडून तिथले सुरुंग टाळले होते. हद्द अलीकडे थांबली की टोला वाचत होता. हरिदासने फक्त गप्प बसायचं होतं.

पण वामनराव हसले. "आमच्या गोटेवाल्याले काई सांगाचं हाय का?"

पाच वर्षं हरिदास हे 'गोटेवाला' ऐकत आला होता. यंत्रापुढे दगडांची माहिती काय कामाची, म्हणून त्याच्या वह्या कुणी उघडल्याही नव्हत्या. भद्रावतीच्या बौद्ध वस्तीतून शिकून वर आलेला माणूस तो, हे हसणं त्याला फार लागे. त्याने वही उघडली. नाल्यात दिसलेला थरांचा उतार मांडला. जंगूच्या विहिरीत अठरा हातांवर लागलेला काळा दगड मांडला. जंगूनेच तो मोठ्या कौतुकाने दाखवला होता. मग पट्टी घेतली. रेघा कोऱ्या जागेतून गेल्या आणि पलीकडच्या रेघांना जाऊन मिळाल्या. केसाचा फरक नाही. वामनराव बघतच राहिले. उठून त्यांनी त्याची पाठ थोपटली. हरिदासचे डोळे भरून आले. टोला त्याच्या मनातही आला नाही.

आला तो चौऱ्याऐंशीच्या दिवाळीत, टोला उठवायच्या नोटिसा निघाल्यावर.

हरिदास टोल्यावर गेला तेव्हा जंगू अंगणात बसला होता. त्याने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हाताऱ्याने बाज टाकली, त्याच विहिरीचं पाणी दिलं. या साहेबाला कोणी बोल लावायचा नाही, याने आपले दगड राखले, असं टोल्यात सगळ्यांना बजावून ठेवलंय म्हणाला. मग त्याने विहिरीकडे पाहिलं.

"साहेब, इथी तर तुमी सुरुंग लावूच देल्ला नाई. मंग खाली कोळसा हाय, हे त्याइले कोनं सांगतलं?"