सगळे हजर

“हॉस्पिटल, हॉस्पिटल, रुग्णवाहिकेतून बोलतोय. ऐकू येतंय का?”

नियंत्रण कक्षातल्या स्पीकरवर ड्रायव्हरचा आवाज पुन्हा आला. हॉस्पिटल गप्प. दुपारच्या वादळाने टॉवर लोळवले होते, शहरातले सगळे फोन मुके झाले होते. नेमक्या अशाच दिवसासाठी सरकारने हे वायरलेस सेट दिले होते. अग्निशमन, रुग्णवाहिका, पाणीपुरवठा, हॉस्पिटल, सगळे एकाच चॅनेलवर. आणि नेमक्या त्याच योजनेच्या पाहणीला आलेल्या बाई आज ऑपरेटरच्या खुर्चीमागे उभ्या होत्या.

“पहिलटकरीण आहे,” ड्रायव्हर सांगत होता. “रक्त थांबत नाहीये. रक्तगट दुर्मीळ आहे, आम्ही पोचेपर्यंत मागवून ठेवा. काका, अहो काका, बोला ना!”

काका म्हणजे स्वतः ऑपरेटरच होता.

हॉस्पिटलचा सेट आल्या दिवसापासून तिथल्या कपाटात कुलूपबंद होता. सरकारी वस्तू, बिघडली तर जबाबदार कोण, असं म्हणून मोठ्या डॉक्टरांनी किल्ली खिशात घातली ती घातलीच. इकडे रोज सकाळी चॅनेलवर हजेरी व्हायची आणि हॉस्पिटलची पाळी आली की सगळं चिडीचूप. वर जाणाऱ्या अहवालात तर सगळे हजर दिसायला हवेत. “तूच बोल रे,” कक्षप्रमुख म्हणाले होते, “कोण बघतंय?” मग ऑपरेटर पार्टिशनमागच्या जादा सेटवर जायचा आणि चक्क सासरेबुवांचा आवाज काढायचा. नाकातला, कण्हल्यासारखा. “हॉस्पिटल हजर. स्पष्ट ऐकू येतंय.” अख्खा कक्ष तोंडाला रुमाल लावून हसायचा. घरी बायकोला करून दाखवलं तर स्वतःच्या वडिलांची थट्टा असूनही तीसुद्धा हसली होती. ड्रायव्हर मात्र काकांची मनापासून विचारपूस करायचा. एकदा काकांना खोकला झाला, तर त्याने काढा कसा करायचा तेही सांगितलं होतं.

“सकाळी तर हॉस्पिटल छान बोलत होतं,” बाई म्हणाल्या.

कक्षप्रमुखांनी ऑपरेटरला बाजूला ओढलं. “जा पार्टिशनमागे. ‘या, तयारी आहे’ एवढंच म्हण. पुढचं पुढे बघू. बाईंसमोर माझी शोभा करू नकोस.”

ऑपरेटर गेला. त्याने बटण दाबलं आणि सवयीने नाकात बोलला, “हॉस्पिटल हजर.”

“आलात का काका! तुमचा आवाज ऐकला की जिवात जीव येतो बघा. हिला सांगतो, घाबरू नकोस पोरी, तिकडे आपलं माणूस बसलंय.”

मागे ती कण्हत होती. ऑपरेटरला ते स्पष्ट ऐकू आलं. लाजेने त्याचे कान तापले. ‘या, तयारी आहे’ एवढंच म्हणायचं उरलं होतं, पण ते त्याच्याने म्हणवेना. आपण इतके दिवस कशाला हसत होतो, हे त्याला आत्ता कळत होतं.

“मी हॉस्पिटलमधून बोलत नाहीये,” तो स्वतःच्या आवाजात म्हणाला. “काका वगैरे कोणी नाहीत. नियंत्रण कक्षातून मीच नक्कल करायचो. तुम्ही येताय हे हॉस्पिटलला माहीतच नाही. चुकलो, दादा.”

कक्षप्रमुखांनी कपाळाला हात लावला. बाई पार्टिशनपाशी येऊन उभ्या राहिल्या. त्या ओरडल्या असत्या तर ऑपरेटरला बरं वाटलं असतं. त्यांनी एवढंच विचारलं, “हॉस्पिटलच्या सगळ्यात जवळ कोण आहे?”

“अग्निशमन केंद्र. भिंतीला भिंत लागून.”

“मग त्यांना सांगा की! कोणाला तरी पळवा म्हणावं.”

ऑपरेटरला एकदम हुरूप आला. अग्निशमन रोज पहिल्या हाकेला ओ द्यायचं. त्याने बटण दाबलं. “अग्निशमन, ऐकलंत ना सगळं? शेजारी हॉस्पिटलात माणूस धाडा. रक्त मागवायला सांगा. ताबडतोब!”

स्पीकर नुसताच खरखरला. मग एक ओशाळलेला आवाज आला.

“दादा, मी पाणीपुरवठ्यातला. अग्निशमनवाल्यांना त्यांचा जुनाच सेट बरा वाटतो, म्हणून हा नवा आमच्याकडे पडून असतो. आमची हजेरी झाली की त्यांचीही मीच देतो.”

बाईंनी मान खाली घातली.

“म्हणजे,” ड्रायव्हरने विचारलं, “या चॅनेलवर खरा मी एकटाच आहे का?”