अक्काच्या पाकिटावरचं तिकीट

स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवाचं नवं तिकीट अक्काच्या पाकिटावर दिसलं आणि मला धीर धरवेना. आतलं पत्र न काढताच पाकीट कोमट पाण्यात सोडलं. तिकीट अलगद सुटलं, पण पत्राची सगळी शाई पाण्यात गेली. काय लिहिलं होतं, हे तिला विचारायची लाज वाटली.

महिन्याभरात दाजी गेले.

"शेवटपर्यंत तुझी वाट बघत होते," तेराव्याला अक्का म्हणाली. "पत्र घालून बोलावलं होतं रे."

"मिळालंच नाही," मी म्हणालो.

भाऊबिजेला तिला घरी आणलं. बसल्याबसल्या ती माझा तिकिटांचा अल्बम चाळू लागली. एका पानावर तिचं बोट थांबलं. तिकिटावर तिच्या गावाचा शिक्का स्वच्छ उमटला होता, तारखेसकट.

अक्काने अल्बम मिटून माझ्या हातात दिला.

"छान जपलंयस," एवढंच म्हणाली.