साक्री रस्त्यावरची चक्कर

"आबा, पेट्रोलचा नुसता वास दिला तरी पळते ही," शोरूममधला रोनक म्हणाला. "एवढीशी गाडी. एकट्या माणसाला बास."

"एकट्याला खाटसुद्धा मोठी होते," देवचंद म्हणाले.

बायको रुक्माबाई गेल्यापासून घरात बोलायला कुणी नव्हतं. गाडी घेतली तर रस्त्यात हात करणाऱ्यांना बसवता येईल, चार शब्द होतील, एवढाच त्यांचा हिशेब होता.

रोनकला फोन आला, म्हणून ते एकटेच चक्कर मारायला निघाले. साक्री रस्त्यावर एका माणसाने हात केला. देवचंदांनी आनंदाने काच खाली केली. तो वाकला, आत बघून मागे सरला.

"ऱ्हाऊ द्या आबा. गाडी भरेल शे."

शेजारची सीट रिकामी होती. मागचीही.

पुढच्या फाट्यावर दोन कॉलेजच्या पोरी होत्या. "बसा ना!"

"कुठे आबा, टपावर?" पोरी हसल्या.

कुसुंब्याजवळ डोक्यावर पाटी घेतलेली म्हातारी गाडीपाशी थांबली. ती त्यांच्याकडे बघतच नव्हती. मागच्या सीटकडे बघून म्हणाली, "नको माय, तू मन्हासाठे उतरू नको. मी येसु मांगेतून."

पाठीमागे दाराचं हँडल खटकलं.

देवचंदांनी वळून पाहिलं नाही. कुणी उतरायच्या आत त्यांनी चारही दारं लॉक केली.